अमिराती स्त्री : शासनाचे फर्मान आणि घराची संमती

संयुक्त अरब अमिरातीच्या संघीय राष्ट्रीय परिषदेसाठी २००६ मध्ये प्रथमच निवडणूक झाली. चाळीसपैकी वीस जागांसाठी शासनाने निवडलेल्या मोजक्या मतदारांनी मतदान केले. साठाहून अधिक स्त्रिया रिंगणात होत्या. विजयी झाल्या त्या एकट्या अमल अल कुबैसी. २०११ आणि २०१५ मध्येही निवडून आलेली स्त्री एकच होती. अखेर २०१८ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष शेख खलिफा यांनी फर्मान काढून परिषदेतील निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि २०१९ च्या परिषदेपासून ते अमलात आले. मतपेटीने तीनदा जे दिले नाही, ते एका आदेशाने दिले. अमिराती स्त्रीच्या प्रगतीचे मर्म या विसंगतीत आहे.

शासनाची घाई समजण्यासारखी आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या या देशात मूळ नागरिक लोकसंख्येच्या जेमतेम एक-दशांश आहेत. बाकीचा कारभार परदेशी मनुष्यबळावर चालतो. अशा देशाला निम्मे नागरिक घरात बसवून ठेवणे परवडणारे नाही. अल ऐन येथे १९७६ मध्ये विद्यापीठ उभे राहिले, तर १९९८ मध्ये झायेद विद्यापीठ मुलींसाठीच सुरू झाले. आज पदवीधरांत मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. शेखा लुबना अल कासिमी २००४ मध्ये देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या ‘होप’ यानाच्या वैज्ञानिक बाजूचे नेतृत्व सारा अल अमिरी यांनी केले.

मात्र ही शिखरे पाहून पायथ्याचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरेल. पदवी हाती आलेल्या सामान्य तरुणीचा खरा सामना घराच्या उंबरठ्यावर असतो. २००५ च्या कौटुंबिक कायद्यानुसार पत्नीने नोकरीसाठी बाहेर पडणे आक्षेपार्ह ठरत नसे. पण ती विवाहापूर्वीच नोकरी करीत असावी, विवाहकरारात तशी अट असावी अथवा पतीने संमती द्यावी, अशी अपेक्षा होती. नोकरीचा हक्क विवाहाच्या बोलणीतच पदरात पाडून घ्यावा लागे. पुढील दुरुस्त्यांनी पत्नीच्या आज्ञापालनाची भाषा मागे पडली आणि एप्रिल २०२५ पासून नवा कायदाही लागू झाला. कायदा बदलला, बैठकीच्या खोलीतील बोलणी तितक्या वेगाने बदलत नाहीत.

याच कायदेपरंपरेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. कुटुंबाच्या पोषणाची जबाबदारी पतीची. पत्नीची कमाई सर्वस्वी तिची. वरवर पाहता हा मोठाच अधिकार. परंतु ज्या मिळकतीवर घर अवलंबून नाही, ती नोकरी घरच्यांच्या दृष्टीने हौस ठरते. मूल झाले, सासरी कुणी आजारी पडले, बदली दुसऱ्या अमिरातीत झाली, की सर्वप्रथम सोडायची ती हीच हौस!

म्हणूनच अमिराती स्त्रीचा ओढा सरकारी कचेरीकडे आहे. ठरलेल्या वेळा, घराजवळचे ठिकाण, ओळखीचे वातावरण. तेथे कुटुंबाचाही विरोध मावळतो. संघीय सेवेत प्रसूतीची रजा तीन महिन्यांची, तर २०२१ च्या कामगार कायद्यानुसार खासगी क्षेत्रात साठ दिवसांची, त्यातील शेवटचे पंधरा दिवस अर्ध्या वेतनावर. खासगी क्षेत्रात समान वेतनाचे बंधन २०२० पासून आहे. परंतु उशिरापर्यंतचे काम, परगावचा प्रवास आणि परक्या पुरुषांशी सततचा व्यवहार यांचे ओझे कायद्याने हलके होत नाही. दुसरीकडे, सारीच तरुण पिढी सरकारी नोकरीत सामावून घेणे शासनालाही शक्य नाही. म्हणून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना नागरिकांची भरती वाढवण्याचे उद्दिष्ट २०२२ पासून घालून दिले आहे.

या संकोचाला केवळ ‘परंपरा’ म्हणून मोकळे होता येणार नाही. तेलपूर्व काळात पुरुष मोत्यांच्या शोधात महिनोन्‌महिने समुद्रावर असत, तेव्हा घर, खजुराच्या बागा आणि गुरे स्त्रियाच सांभाळीत. स्त्रीचे कष्ट समाजाला नवे नाहीत. नवे आहे ते तिचे पद, वेतन आणि स्वतःच्या वेळेवरचा हक्क.

फर्मानाने परिषदेतील खुर्ची मिळते, संचालक मंडळात जागा मिळते. मूल कोणी सांभाळायचे आणि बदली कोणाची स्वीकारायची, हे मात्र फर्मानाने ठरत नाही. अमिरातीतील पुरुषांनी या प्रश्नांत आपला वाटा उचलला, तरच मंगळापर्यंत गेलेली वाट प्रत्येक मुलीच्या घरातून निघेल.