पानं वाढलीत!

माझ्या ताईच्या घरी रोज रात्री नऊ वाजता युद्ध होते. स्वयंपाकघरातून "पानं वाढलीत!" अशी तोफ सुटते आणि आतल्या खोलीतून "पाच मिनिटं!" असे प्रत्युत्तर येते. ही पाच मिनिटे घड्याळातली नसतात; शिंपी 'परवा नक्की' म्हणतो, त्यातल्या परवासारखी असतात. तोवर आमटी निवते, ताई तापते, आणि मेहुणे दोन्ही आघाड्यांपासून सारखे अंतर राखून शब्दकोडे सोडवतात.

त्या रात्री मी पाहुणा होतो. पाहुण्याने आमटीला नावे ठेवू नयेत आणि घरच्या भांडणात पडू नये, हे दोन नियम मला तोंडपाठ आहेत. पैकी दुसरा मी मोडला. "ऑनलाइन खेळ ना? मग काय अवघड आहे!" असे म्हणत मी भिंतीवरच्या वायफायच्या डबीचे बटण बंद केले.

भाची संगणकासमोरून उठून बाहेर आली. ओरडली असती तर बरे झाले असते. शांतपणे म्हणाली, "मामा, आम्ही चौघं होतो. शेवटपर्यंत पोचलो होतो. आता मी तिथे शेतात बुजगावण्यासारखी उभी असेन, आणि बाकीचे तिघं मला वाचवायला येऊन मरतील. हा खेळ मधेच थांबवता येत नाही रे."

ते ऐकून मला माझ्याच तरुणपणचा एक रविवार आठवला. मेंढीकोट ऐन रंगात आलेला, माझ्या हातात हुकमाची पाने, समोर भागीदार जीव मुठीत धरून बसलेला, आणि आईची हाक आली, "पानं वाढलीत!" मी काय म्हणालो असेन? "पाच मिनिटं!" डाव अर्धा टाकून उठणाऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या रडा म्हणत आलो, आणि पोरांना मात्र रोज रात्री नऊ वाजता रडेपणाचे शिक्षण देतो. हे मी कोणत्याही पालकसभेत उभे राहून सांगायला तयार आहे. अजून कोणी बोलावलेले नाही.

प्रायश्चित्त म्हणून मी आठ दिवस भाचीच्या मागे स्टूल टाकून बसलो. खेळ सोपा आहे. शंभर माणसे विमानातून एका बेटावर उड्या मारतात, रिकाम्या हातांनी. मग घराघरांत घुसून जे मिळेल ते उचलायचे आणि दिसेल त्याला मारायचे. भोवतीचे रिंगण लहान होत जाते आणि उरेल तो जिंकतो. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश गृहस्थांच्या कल्पनेतून निघालेला पबजी २०१७ साली आला, तेव्हापासून ही तऱ्हा घरोघर पोचली. २०२० च्या सप्टेंबरात आपल्याकडे त्याच्या मोबाइलवरच्या अवतारावर बंदी आली. २०२१ साली तो देशी नाव घेऊन परतला. पबजीत एक लोखंडी तवाही मिळतो. तो पाठीला बांधला की मागून आलेली गोळी त्याच्यावर आपटून परतते. ताईला मी हे सांगितले. गोळीचे माहीत नाही, पण तव्याने पुष्कळ घरे वाचवली आहेत, एवढे तिला मान्य झाले.

आता या खेळाडूंच्या तऱ्हा. कोणी दाराआड दबा धरून अर्धा तास बसतो, त्याला कॅम्पर म्हणतात. कोणी शत्रूला मारून प्रेताशेजारी नाचतो. आणि नवशिक्या दिसला की सगळे मिळून त्याला 'नूब' म्हणून हिणवतात. आमचे शेजारी म्हणतात, ही विकृती आहे. साहेब, लोकलच्या डब्यात ब्रीफकेसवर पत्ते कुटणाऱ्यांच्या मंडळात नवा माणूस म्हणून कधी बसला आहात काय? 'नूब' हा त्यामानाने फार सभ्य शब्द आहे!

माणसे तीच, हे ओळखले इंग्लंडच्या रिचर्ड बार्टल यांनी. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या अक्षरांचा एक संगणकखेळ सुरू केला; बार्टल त्यांना येऊन मिळाले. पुढे १९९६ साली बार्टलनी खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या, आणि त्यांना नावे कुठली दिली? पत्त्यांची! खजिना गोळा करणारे ते चौकट, नवे कोपरे खणून काढणारे इस्पिक, गप्पा मारायला येणारे बदाम आणि दुसऱ्याच्या डोक्यात सोटा घालायला येणारे ते किलवर. मी ही यादी घेऊन आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलो. चारही रंग पहिल्या दहा मिनिटांत पडले.

शिवाय जुगाराचे म्हणाल, तर "पोरं खेळाने बिघडली" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकले ते अशा गृहस्थांकडून, जे पांघरुणात तोंड घालून फोनवर पैसे लावून रमी खेळत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला तो पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा. ई-स्पोर्ट्सना त्यात मान्यता दिली. म्हणजे भाची सुटली आणि काका अडकले!

इथपर्यंत मी भाचीच्या पोरांचा वकील होतो. नवव्या दिवशी वकीलपत्र परत केले.

त्याचे असे झाले. खेळात बाकीचे तिघे माइकवर सतत बोलत असत. भाची मात्र मुकी. मला वाटले, एकाग्रता! विचारले तेव्हा म्हणाली, "माइक लावला की मुलगी आहे हे कळतं ना." एकदा मला दाखवायला म्हणून तिने लावला. तिघांना ती नेहमीची 'ए, तू भारी खेळतोस' वाली सोबतीण. ती दोनच शब्द बोलली, "डावीकडे आहेत." क्षणभर शांतता, मग एक हसला, एकाने नंबर मागितला, आणि तिसऱ्याने जे म्हटले ते मी इथे छापू शकत नाही. डावीकडे कोणीच बघितले नाही. शत्रू डावीकडूनच आले.

पोरांनो, याला काय म्हणायचे? दाराआड दबा धरा, प्रेतावर नाचा, मला नूब म्हणा, सगळे माफ. पण बरोबर लढणाऱ्या सोबत्याने स्वतःचा आवाज घरी ठेवून यायचे, तर तुमच्यापेक्षा ते बुजगावणे बरे. आणि हे सगळ्यांना सांगताना माझी मान खालीच आहे. आमच्या रविवारच्या अड्ड्यात चौघे होतो, चौघेही पुरुष. बाई आत यायची ती चहाच्या ट्रेमागून. तिला पत्ते येतात का, हे आम्ही कधी विचारले नाही. आईला येत होते, हे मला ती गेल्यावर कळले.

परवा मी ताईकडे होतो. भाचीने आता माइक उघडा ठेवायचा हट्ट धरला आहे. तिघे बडबडत होते, एकाची जीभ पुन्हा वळवळू लागली होती, एवढ्यात दारात ताई उभी राहिली आणि तिने हातातल्या झाऱ्यासकट गर्जना केली, "पानं वाढलीत!"

बेटावर एकदम शांतता पसरली. मग कुठल्याशा गावातून एक भेदरलेला आवाज आला, "आंटी, बस पाँच मिनट!"

ताई खूश झाली. मी झालो नाही. बाईचे ऐकायला पोरांना आधी तिच्यात कोणाची तरी आई दिसावी लागते, आणि ही खोड त्यांनी संगणकावर शिकलेली नाही.

ताईला म्हटले, "डाव संपू दे. तोवर मी पानं घेतो." आमटी निवलेलीच होती.