धारेची साक्ष

१/ आर्वी ज्या विदर्भात वसली आहे, तेथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी महापाषाणयुगीन लोक लोखंड घडवीत होते. नायकुंडला लोह गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीच्या शिलावर्तुळांत कुऱ्हाडी.

२/ परंतु ‘लोखंडी कुऱ्हाड’ एवढी नोंद अपुरी आहे. तिची धार किती कठीण होती, हे आकार सांगत नाही.

३/ ते ठसा सांगतो. १९०० मध्ये स्वीडनच्या ब्रिनेलने पोलादी गोळी धातूवर दाबून ठशावरून काठिण्य मोजले. विकर्स पद्धतीत १३६ अंशांचा हिऱ्याचा पिरॅमिड दाबतात. भार तोच असता ठसा जितका लहान, तितका धातू कठीण.

४/ प्राचीन वस्तूला धक्का नको, हा आग्रह रास्त आहे. तरीही न गंजलेल्या गाभ्याचा कणभर नमुना तपासावा. अंगापेक्षा धार कठीण निघाली, तर अनाम लोहाराच्या कौशल्याला पुरावा मिळेल.