'तेव्हाचं गोंय' स्वस्त होतं, पण कुणासाठी?



गेल्या चतुर्थीला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर माझ्या पुण्याच्या भाच्याने मोबाईलवर आलेला एक मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. पोर्तुगीज काळी गोव्यात चोऱ्या नव्हत्या, सोनं स्वस्त होतं, घरोघर स्विस घड्याळं होती, हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा मिळत होता वगैरे. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या काळातला घरात आता मी एकटाच उरलोय. मी तेव्हा नुसतं 'हूं' केलं. ते मनात राहिलं, म्हणून आज लिहितो.

आधी कबूल करतो की मेसेजातलं बरंच खरं आहे. हॉलंडचे बटाटे मी खाल्लेत. पण ते डिचोलीच्या बाजारात आले कसे, हे त्यात नाही.

महायुद्ध संपलं, जपान आणि जर्मनी परत उभे राहायला लागले, आणि पोलादासाठी त्यांना खनिज हवं होतं. आमच्या डोंगरांत ते होतं. 1947 च्या सुमारास किरकोळ असलेली निर्यात 1954 पर्यंत 10 लाख टनांच्या आसपास गेली. जपानी कर्जावर यंत्रं आली, मांडवीत बार्जींची रांग लागली, मुरगावला बोटी उभ्या राहिल्या. त्याच सुमारास भारताने नाकेबंदी केली. 1955 मध्ये रेल्वे थांबली, परमिटाशिवाय सीमा ओलांडता येईना, मुंबईची मनीऑर्डर बंद झाली. अर्धं गोंय तेव्हा मुंबईच्या पैशावर चूल पेटवत होतं. बोटीवरचा, हॉटेलातला, गिरणीतला मुलगा पैसे पाठवायचा तेव्हा तांदूळ यायचा. तो पैसा तुटला आणि माणसं खणीवर गेली. दुसरं होतं काय? खनिजाचं परकी चलन हातात, शेजारचा बाजार बंद, म्हणून सरकारने जगभरातून माल आणला. स्वस्ताई आली ती अशी.

माझे वडील एका खणीवर हजेरी लिहायचे. कंपनीचं नाव कशाला, मालकही आता नाहीत. आम्हाला पगार वेळेवर मिळाला, घरावर मंगळुरी कौलं चढली, आईला पाटल्या झाल्या. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, पण लपवावंसंही वाटत नाही. आमच्या घरची श्रीमंती, म्हणजे जी काय होती ती, मातीतूनच आली.

वडिलांचं एक जुनं हजेरीचं पुस्तक माझ्याकडे आहे. वाळवीने कडा खाल्ल्यात. पुरुषांची नावं पूर्ण लिहिलेली आहेत, गावासकट. पाट्या वाहणाऱ्या बायकांची मात्र नावं नाहीत. 'अमक्याची बायल', 'तमक्याची सून', 'म्हातारी'. पहाटे घरचं आवरून, तान्हं मूल मोठ्या मुलीच्या कडेवर देऊन त्या यायच्या आणि डोक्यावरून खनिज वाहायच्या. संध्याकाळी नदीवर लाल होऊन उतरायच्या, पाणीही लाल व्हायचं. पावसाळ्यात खण बंद, मजुरीही बंद. स्विस घड्याळ त्यांच्यापैकी कुणाच्या मनगटावर मी पाहिलं नाही.

चोऱ्या नव्हत्या म्हणतात. असेल. बोलणंही नव्हतं. लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नव्हती. 15 ऑगस्ट 1955 ला सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं गेली. मी आठ वर्षांचा होतो. घरात दिवा लवकर मालवला एवढं आठवतं. वडील दुसऱ्या दिवशी खणीवर गेले. त्यांचं मन कुठे होतं ते मला माहीत आहे, पण हजेरी चुकवली असती तर विचारणा झाली असती. त्यांना भित्रा म्हणायचा अधिकार मला नाही, आणि तुम्हालाही नाही.

आणि एवढा पैसा येऊन राहिलं काय? मांडवीवर पहिला पूल 1970 चा. पहिली आर्ट्स-सायन्सची कॉलेजं 1962 ची. 1961 ला शंभरातले तिसाच्या आसपास लोक साक्षर होते. मराठी आम्ही देवळाच्या पडवीत, गावाने पोसलेल्या मास्तरांकडे शिकलो. त्यांना कधी तांदूळ मिळायचे, कधी नारळ, कधी नुसताच नमस्कार.

एक गोष्ट मात्र त्या दशकाने केली, आणि ती आमच्या भाटकार मंडळींना आजही फारशी रुचत नाही. आमच्या शेतातलं कूळ खणीवर गेलं, त्याच्या हातात आठवड्याला रोख पैसे आले. आई म्हणायची, "आता कोण ऐकतो आपलं?" मुंडकार पूर्वी भाटकाराच्या अंगणात हात बांधून उभा राहायचा, तो आता पारावर बसून बोलायला लागला. म्हणून 1963 च्या निवडणुकीत कुळा-मुंडकारांनी मगोला मतं दिली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तेव्हा मोठ्या घरांना धक्का बसला तसा मला नंतर विचार करताना बसला नाही. भाऊसाहेब स्वतःही खाणमालक, ही गंमत आहेच. पण गाठ सैल व्हायला सुरुवात झाली होती ती आधी, आठवड्याच्या त्या मजुरीने. मतपेटी नंतर आली. निदान माझं मत असं आहे. इतिहासाचे प्राध्यापक वेगळं म्हणतील, म्हणोत.

भाच्याला मी ते पुस्तक दाखवलं. त्याने फोटो काढले आणि विचारलं, "मामा, या 'अमक्याची बायल'चं नाव काय होतं?" मला सांगता आलं नाही. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता, ती मला कैऱ्या द्यायची.

तुमच्यापैकी डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या कुणाच्या घरी असे जुने हजेरीपट, पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर भंगारात घालू नका. आणि घरात कुणी म्हातारी अजून असेल, तिने पाटी वाहिली असेल, तर तिचं नाव खाली लिहा. पूर्ण नाव.