लेकराची फिर्याद तडजोडीत बुडवू नका



मूल शाळेत जाते, ही आपल्या समाजाने फार कष्टाने मिळविलेली गोष्ट आहे. म्हणूनच शाळेत मुलाला मारहाण झाली, जातीवरून शिवी मिळाली किंवा याहून भयंकर काही घडले, तरी शाळा सुटेल या भीतीने आईबाप गप्प बसतात. हे मौन गुन्हेगाराच्या पथ्यावर पडते.

फेब्रुवारी 2018 मध्ये आपल्या दोंडाईचात शाळेच्या आवारात पाच वर्षांच्या बालिकेवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. प्रकरण मिटविण्यासाठी पालकांवर दबाव आणल्याचा आरोपही झाला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्या मुलींच्या पालकांना फिर्यादीसाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. ती दिरंगाई आणि शाळेने पाळलेले मौन, या दोहोंवर मुंबई उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. जपावयाचे काय, संस्थेची अब्रू की लेकरू?

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावरील लैंगिक गुन्हा पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम 21 प्रमाणे एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तो मिटविण्याचा अधिकार ना मुख्याध्यापकास, ना गावच्या पंचांस. शिक्षकाने मुलास मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने निषिद्ध ठरविले आहे. "तुम्ही बौद्ध झालात, आता ॲट्रॉसिटी कायदा तुम्हांस लागू नाही," असे कोणी म्हणाल्यास ते साफ खोटे समजा. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस 1990 पासून तो दर्जा कायद्यानेच आहे.

म्हणून मूल काही सांगू लागले, तर त्यास दटावू नका. त्याचे म्हणणे शांतपणे ऐका. लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास अंगावरचे कपडे न धुता जपून ठेवा व त्यास तत्काळ सरकारी रुग्णालयात न्या. फिर्यादीची प्रत मागून घ्या. ती विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद न लागल्यास पोलीस अधीक्षकांस लेखी कळवा, तेथेही न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. बालकांसाठी 1098 हा दूरध्वनी आहे. मुलाचे नाव मात्र चारचौघांत उच्चारू नका. ते गुप्त राखणे हाही कायदाच आहे.

परंतु घडल्यावर धावण्यापेक्षा घडू न देणे श्रेयस्कर. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या जागा रिकाम्या सोडू नका. शौचालयाकडे लक्ष कोणाचे, मुलांना ने-आण करणारा माणूस कोण, तक्रारपेटी कोण उघडतो, हे बैठकीत विचारा.

"कोर्टाची पायरी चढू नये," असे शहाणे सांगतात. 1937 साली स्वतः बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याच्या न्यायालयाची पायरी चढले होते. लेकरासाठी आपणही ती चढावी.