मुक्त विद्यापीठाचे दार उघडे, मग कायद्याचे दार बंद का?

नाशिकला बंद दारांचा इतिहास नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला, तरी ते दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी त्या धर्माकडेच पाठ फिरवण्याची घोषणा केली. मंदिराच्या दाराची गरज तिथेच संपली. ज्ञानाच्या दाराची गरज मात्र तेव्हापासून वाढतच गेली आहे.

त्याच नाशकात १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्या, पण लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने पदवीपर्यंत नेण्याची सोय या विद्यापीठाने केली. पुस्तके मराठीत, अभ्यास घरी, मार्गदर्शन जवळच्या अभ्यासकेंद्रावर. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीने राबणारा कामगार, लग्नामुळे नववीतच शाळा सुटलेली भगिनी, आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे पटावरून नाव कमी झालेला मुलगा, अशांसाठी हा मार्ग निघाला.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली १९६९ साली. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता आले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. विद्यार्थ्याने संस्थेच्या घड्याळाप्रमाणे चालावे असे सगळेच म्हणतात. गरीब विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणे संस्था चालवण्याचा विचार फुले-आंबेडकरांनी केला. हैदराबादच्या मुक्त विद्यापीठाला १९९१ मध्ये बाबासाहेबांचे नाव दिले गेले आणि अहमदाबादला १९९४ मध्ये त्यांच्याच नावाने मुक्त विद्यापीठ निघाले, ते यथोचितच झाले.

परंतु एक दार उघडून पुढचे दार बंद ठेवण्याची या व्यवस्थेची जुनी सवय आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये विधिशिक्षणाचे नियम केले. त्यातील नियम ५ आधी सांगतो की, दूरशिक्षणाने बारावी वा पदवी घेतलेला उमेदवारही कायद्याच्या प्रवेशास पात्र आहे. लगेच खाली स्पष्टीकरण येते: ज्यांनी मूलभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी वा पदव्युत्तर पदवी घेतली, ते कायद्याच्या अभ्यासक्रमाला अपात्र आहेत. म्हणजे दहावी-बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला वकील होता येते. तीच पुस्तके वाचून, तीच परीक्षा देऊन, तीच पदवी घेतलेला त्याचा सोबती केवळ पूर्वतयारीच्या वाटेने आला म्हणून बाहेर राहतो. पदवी एक, विद्यापीठ एक, गुणपत्रिका एक, पण प्रवेशाच्या वेळी विचारले जाते की तू आलास कुठून? 'तू आलास कुठून' हा प्रश्न आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या ऐकला आहे.

या बंदीच्या समर्थनार्थ अनेकदा सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या अण्णामलाई विद्यापीठ प्रकरणातील निकालाचा आधार घेतला जातो. त्या प्रकरणातील वस्तुस्थिती नीट पाहिली पाहिजे. तिथे प्रश्न होता पहिली पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट एम.ए. केलेल्या व्यक्तीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम मुक्त विद्यापीठांवर बंधनकारक आहेत, असे न्यायालयाने सांगितले. पण आयोगाचे ते १९८५ चे नियम काय सांगत होते? आधीचे कोणतेही शैक्षणिक प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीने वयाची २१ वर्षे पूर्ण केली असतील आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ती उत्तीर्ण झाली असेल, तर दूरशिक्षणाच्या पहिल्या पदवीला तिला प्रवेश देता येत होता. म्हणजे पदवी न घेता थेट एम.ए. करणे वेगळे आणि प्रौढपणी परीक्षा देऊन पहिली पदवी घेणे वेगळे. बार कौन्सिलच्या स्पष्टीकरणाने या दोघांना एकाच दावणीला बांधले.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये वकिलीसाठी कायद्याची पदवी मागितली आहे. दहावी-बारावीची अट त्या कलमात नाही. ती नियमातून आली, आणि संसदेचा कायदा न बदलताही नियम बदलता येतो. समान पदवीधारकांत असा भेद करण्याला संविधानाच्या कलम १४ च्या कसोटीवर तर्कसंगत आधार दाखवावा लागेल. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हितांची विशेष काळजी घ्यावी, असे कलम ४६ राज्याला सांगते. त्याचाही विसर पडता कामा नये.

यावर एक उत्तर ठरलेले असते, 'दर्जा घसरेल'. दर्जा सांभाळण्यासाठी चाळण्या कमी आहेत काय? महाराष्ट्रात कायद्याच्या प्रवेशाला सीईटी आहे. प्रवेशानंतर तीन वर्षांच्या सत्र परीक्षा आहेत. त्याही पार केल्या तर २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आहे. इतक्या चाळण्यांतून जो पार होतो, त्याने पंधराव्या वर्षी दहावी दिली होती की नाही, याने दर्जा कसा ठरतो? इथे मोजला जातो तो त्याच्या बालपणीचा दारिद्र्याचा दाखला.

खुद्द बाबासाहेबांचे शिक्षण सलग झाले नव्हते. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्यास विद्यापीठाने त्यांना चार वर्षांची मुभा दिली. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे जमवले, १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. खंड पडलेल्या विद्यार्थ्याला लंडनने परत आत घेतले, म्हणून पुढे या देशाला संविधानाचा शिल्पकार मिळाला. ज्यांची वकिली त्या संविधानावर चालते, त्यांनी तरी खंड पडलेल्यांना दाराबाहेर ठेवू नये.

इथे शासनालाही एक गोष्ट बजावली पाहिजे. दूरशिक्षण ही वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि अनुदानित महाविद्यालये बंद करण्याची सबब नव्हे. आपल्या मुलांना नियमित महाविद्यालयातील जागाही हवी आणि ज्याला ती मिळाली नाही त्याला मुक्त विद्यापीठाचा मार्गही हवा. 'तुम्ही घरीच शिका' हा सल्ला फक्त आपल्याच वस्तीला मिळू लागला, तर समजावे की नव्या नावाने जुनी वेस उभी राहते आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. बार कौन्सिलने नियम ५ चे स्पष्टीकरण बदलावे आणि मान्यताप्राप्त पहिली पदवी असलेल्या प्रत्येकाला सीईटीच्या गुणांवर प्रवेश द्यावा. मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारीच्या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश अर्जावरच ठळक अक्षरांत सांगावे की, या पदवीने कोणते मार्ग खुले होतात आणि कोणते अडतात. तीन वर्षे आणि पोटाला चिमटा घेऊन भरलेली फी खर्ची पडल्यावर ही माहिती मिळणे हा अन्याय आहे. दूरशिक्षणाच्या मान्यताप्राप्त पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, असे अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. ती बरोबरी नोकरीच्या आणि प्रवेशाच्या टेबलावरही दिसली पाहिजे.

नियम बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. ज्याला पुढे कायदा करायचा आहे, त्याने पदवीला प्रवेश घेण्याआधी १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावी करून घ्यावी, हे त्याला वेळेवर सांगणारे कोणीतरी वस्तीत हवे. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आणि गावोगावच्या विहारांत वंदनेनंतर एक तास या कामाला मिळाला, तर अनेकांची वर्षे वाचतील. एका टेबलावर अर्ज भरले जावेत आणि दुसऱ्या टेबलावर बार कौन्सिलला द्यायच्या निवेदनावर सह्या घेतल्या जाव्यात. काळारामाच्या दाराशी आपल्या माणसांनी पाच वर्षे काढली. कायद्याच्या दाराशी तितकी चिकाटी आपण दाखवणार आहोत की नाही, याचे उत्तर आता चळवळीने द्यायचे आहे.