खुर्चीतून उठणार कोण?

‘टॉय स्टोरी’, ‘फाइंडिंग नीमो’ असे अॅनिमेशनपट देणाऱ्या पिक्सार या अमेरिकन संस्थेने २००७ मध्ये आपल्या आगामी विज्ञानपटाची झलक दाखविली, तेव्हापासून ‘वॉल-ई’विषयी मोठी उत्सुकता होती. १९९४ मधील एका भोजनप्रसंगी सुचलेल्या कथांपैकी ही अखेरची, असे त्या झलकेत सांगितले होते. चंगळवादाच्या माहेरघरातूनच चंगळवादावर कोरडे ओढणारा चित्रपट येत आहे, या कल्पनेनेच अनेक विचारी मंडळी सुखावली होती.

जून २००८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि ही अपेक्षा त्याने पूर्ण केली. एका महाकाय कंपनीने खरेदीची चटक लावलेल्या मानवाने पृथ्वीचा उकिरडा केला आहे. माणसे अवकाशयानात निघून गेली आहेत आणि मागे राहिलेला एक यंत्रमानव सातशे वर्षे कचऱ्याचे ठोकळे रचत आहे. यानातील माणसे तरंगत्या खुर्च्यांत पहुडलेली, डोळ्यांपुढे पडदा. जाहिरातीने रंग बदलण्यास सांगितले की सर्वांचे कपडे एका क्षणात रंग बदलतात! २००९ मध्ये चित्रपटाला ऑस्कर मिळाले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याचा समावेश झाला.

मात्र या प्रतीक्षेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पिक्सार २००६ मध्येच डिस्नेच्या मालकीची झाली होती. चित्रपटाबरोबर त्याची खेळणी आणि व्हिडिओ गेमही बाजारात आले. इतकेच काय, कथेतील त्या काल्पनिक कंपनीचे संकेतस्थळही प्रसिद्धीसाठी थाटण्यात आले. जाहिरातबाजीची टिंगल हीच जाहिरात ठरली! यात कलावंतांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. बाजारपेठेची पचनशक्ती किती अफाट आहे, एवढेच यातून दिसते. ती स्वतःवरील टीकाही वेष्टनात गुंडाळून विकू शकते.

म्हणूनच एखादा चित्रपट येईल आणि समाजाचे डोळे उघडेल, ही आशा भाबडी आहे. चित्रपट आरसा दाखवितो. तोंड धुण्याचे काम पाहणाऱ्याचे असते. ‘हे अमेरिकेचे दुखणे, आमच्याकडे अपरिग्रहाची परंपरा आहे,’ असे म्हणून हात झटकणेही सोपे आहे. परंतु जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि मुंबईवर धूर पसरला, काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो कचरा कोणा परक्याने आणून टाकलेला नव्हता. परंपरा पोथीत राहिली आणि ‘एकावर एक मोफत’ घरात आले, तर त्या परंपरेचा अभिमान पोकळच ठरतो.

चालू असलेला मोबाइल केवळ जुना झाला म्हणून बदलायचा का? दिवाळीची खरेदी गरजेने ठरणार की सवलतीने? बिघडलेली वस्तू दुरुस्त करून वापरण्याची आपल्या आजी-आजोबांची रीत मुलांना कमीपणाची का वाटावी? या प्रश्नांची उत्तरे चित्रपटगृहात मिळत नाहीत. ती प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून शोधावयाची आहेत.

चित्रपटाच्या अखेरीस यानाचा कप्तान स्वतःच्या पायांवर उभा राहतो, स्वयंचलित सुकाणू बंद करतो आणि यान पृथ्वीकडे वळते. कोवळे रोप वाचते ते त्यामुळेच. पुढचा असा चित्रपट येईल तेव्हा त्याचे स्वागत अवश्य करावे. पण खुर्चीतून उठण्यासाठी त्याची वाट पाहण्याची गरज नाही.