निवेदकाला साहित्यदरबारी स्थान का नाही?

गेल्या वर्षी एका संस्थेच्या वार्षिक सोहळ्यात गायक, वादक, कवी, इतकेच नव्हे तर मंडप घालणाऱ्यांचाही शाल-श्रीफळ देऊन गौरव झाला. तीन तास सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांचे नाव घेण्याचे मात्र कोणालाही स्मरले नाही. ही चूक एका संध्याकाळची नव्हे. गेली कित्येक दशके आपण मराठी माणसे निवेदकाला ध्वनिक्षेपकाचाच एक भाग समजत आलो आहोत. या समजुतीविरुद्ध मला आज चार शब्द स्पष्टपणे लिहावयाचे आहेत.

कै. बाळ कुडतरकर यांचेच उदाहरण घ्या. आडनावातच आपल्या सासष्टीतील कुडतरी गाव बाळगणारा हा माणूस मुंबई आकाशवाणीवर आयुष्यभर बोलत राहिला. श्रोत्यांच्या पसंतीची गाणी ऐकविणारा ‘आपली आवड’ त्यांच्याच निवेदनाने घराघरांत पोहोचला. ‘पुन्हा प्रपंच’मधील त्यांचे टेकाडे भावजी तर आमच्या पेडण्यातील माजघरांत नात्यातलेच होऊन बसले होते. दिवेलागणीनंतर मुंबई केंद्र स्वच्छ ऐकू येऊ लागले की वडीलधारी मंडळी आम्हा मुलांना गप्प बसवीत. शब्दाचा उच्चार कसा असावा आणि वाक्यात कोठे थांबावे, हे आम्ही शाळेइतकेच त्या पेटीपाशी शिकलो. २०१९ साली वयाच्या ९८व्या वर्षी ते निवर्तले. आपल्या किती साहित्यसंस्थांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र शोकसभा घेतली, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, गीत कवीचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा. मग निवेदकाचे असे काय? हाच निकष कीर्तनकाराला लावून पाहा. अभंग संतांचा असतो, आख्यान पुराणातले असते. तरीही श्रोते अमुक एका बुवांचेच कीर्तन ऐकण्यासाठी कोसभर चालत जात. दुसऱ्याचे शब्द आपल्या जिव्हेवरून ऐकणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत नेणे ही कला आहे, हे आपण देवळात मान्य करतो आणि रेडिओपुढे विसरतो.

इतिहासही याला साक्ष आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. हेतू अभिजात संगीताच्या संवर्धनाचा असेल. परंतु श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांच्या आवाजाने देश बांधून ठेवला. गाणी तर तबकड्यांवरही मिळत होती. लोक त्या आवाजाची, त्या आपुलकीच्या संबोधनाची आठवडाभर वाट पाहत. अखेर १९५७ साली सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

आणि गोमंतकीयांनी तरी निवेदकाचे मोल विसरू नये! १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या जंगलातून स्वातंत्र्याचे नभोवाणी केंद्र चालविले. पणजीत १९४६पासून पोर्तुगीज सरकारचे ‘एमिसोरा द गोवा’ होते. त्याच्या प्रचाराला उत्तर द्यावयाला या दोघांपाशी शब्द आणि आवाज एवढेच शस्त्र होते. १९६१च्या डिसेंबरात मुक्तीची वार्ता त्यांनीच विमानातून ध्वनिक्षेपकावर गोमंतकाला ऐकविली. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर. आवाजाचे ऋण फेडावयाला आपण इतका विलंब लावतो.

दुसरा आक्षेप मला अधिक परिचयाचा आहे. “तो पगारी नोकर होता, त्याने आपले काम केले.” मी स्वतः राज्य शासनाच्या सेवेत उमेदीची वर्षे घालविली. आम्ही लिहिलेल्या टिपण्या कितीही रुक्ष असोत, त्यांच्या जतनाची मुदत ठरलेली असते. आवक-जावक नोंदवहीसुद्धा कपाटात जपून ठेवतात. निवेदकाचे आयुष्यभराचे काम मात्र उच्चारताक्षणी हवेत विरते. बहुतेक निवेदने थेट प्रक्षेपित झाली, ध्वनिमुद्रित झालीच नाहीत. जो नोकर आपल्या कामाचा पुरावाही मागे ठेवू शकत नाही, त्याची स्मृती जपण्याचे दायित्व समाजावर अधिक येते.

शासनाकडून फारशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. २०१८च्या अखेरीस प्रसार भारतीने आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आणि पाच प्रादेशिक प्रशिक्षण संस्था बंद करण्याचा निर्णय घेतला. कारण काटकसरीचे होते. जेथे बोलावयास शिकविणेच खर्चिक ठरते, तेथे बोललेले जपणार कोण?

म्हणून पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील संस्थांना माझी आग्रहाची विनंती आहे. काव्यसंमेलनावरचा एक खर्च कमी करा. आपल्या भागात जे वृद्ध निवेदक, वृत्तनिवेदक हयात आहेत, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात मुद्रित करून घ्या. वार्षिक पुरस्कारांत निवेदनकलेला एक स्थान द्या. शाळकरी मुलांसाठी वाचन-उच्चाराचा वर्ग वर्षातून एकदा तरी भरवा. आपल्या घराण्यांनी मोडीतले कागद पिढ्यान्‌पिढ्या वाळवीपासून राखले. कागद थांबतो, माणूस थांबत नाही. हे काम येत्या वर्षी झाले नाही, तर त्यापुढच्या वर्षी ज्यांच्याकडे जावयाचे ते घरी असतीलच असे नाही.